पांढऱ्या केसांचा रॉकवाला

राजापेठेतल्या त्या हॉलात मी गाणं ऐकाले नाही, कूलरची हवा खायले घुसलो होतो. समोर पांढऱ्या केसांचा एक माणूस गिटार घेऊन जोरजोरात गाऊन राह्यला होता, अन् त्याची बायको ड्रम बडवत होती. जवानीपासून आमी आमचेच रॉक गाणे लिहून गातो, असं त्यानंच सांगतलं. दर गाण्याआधी तो चष्मा काढून खिशात ठेवे. लोकं उठून जाताना दिसू नये म्हणून असन.

शेवटी खुर्च्यांवर मी एकटाच उरलो. त्यानं बायकोले इचारलं, "आता कायमचंच बंद करू का वं?"

"काहून जी? तो भाऊ बसला हाये ना अजून."

मंग त्यायनं खास माह्यासाठी नवंकोरं गाणं म्हटलं. आजवर माह्यासाठी कोणी शिट्टीबी वाजवली नव्हती. समजलं काहीच नाही, पण हात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या.

तो खाली येऊन म्हणे, "भाऊ, पुढचा कार्यक्रम अकोल्याले हाये. याल?"

गेलो. तवापासून जातोच. घरी बायको इचारते, "तुमाले गाण्यातलं काय समजते?"

मी म्हणतो, "काहीच नाही. पण मी उठलो तं तो थांबते."