अंतऱ्यातली खूण

आई म्हणायची, हिला देव भेटला तरी ही आधी त्याचं ओळखपत्र मागेल. खोटं नव्हतं ते. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी वाढले, आणि शेजाऱ्यांनी पेढे आणून दिले तरी ‘यांचं काय काम निघालं असेल?’ म्हणणारे माझे वडील. हा गुण मी त्यांच्याकडून पुरेपूर उचलला.

बी.ए.ला मी संगीत घेतलं. वर्गात आम्ही नऊ मुली, त्यात मराठी दोनच, मी आणि सरोजिनी नगरात राहणारी माझी मैत्रीण. थिअरीत माझा पहिला नंबर ठरलेला. गाणं शिकवणाऱ्या मॅडमनी एखादी ओळ गायली की त्यांचा श्वास संपायच्या आत माझी स्वरलिपी वहीत उतरलेली असायची. गळा मात्र तिचा. तिने नुसता षड्ज लावला तरी वर्ग गप्प व्हायचा. मला ते कळायचं आणि मनापासून खुपायचं.

तिसऱ्या वर्षी मॅडमनी जाहीर केलं, की परीक्षेनंतर आम्हा दोघींपैकी एकीला त्या आपल्या घरी शिकवतील. कॉलेजातलं शिकणं पेपरापुरतं, खरं गाणं मॅडमच्या घरी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की मैत्रीण खोकली तरी मला बरं वाटायचं.

मग मॅडमनी आम्हाला आपल्या खोलीत वेगवेगळं बोलावून त्यांच्या गुरूंच्या घरातली एक बंदिश शिकवली. प्रॅक्टिकलला दोघींनी तीच गायची होती. “लिखना नहीं। किसी को देना भी नहीं,” त्यांनी बजावलं. गंमत अशी, की त्याच आठवड्यात इतिहासाच्या तासाला त्यांनी आम्हाला उतरवून दिलं होतं, ‘पूर्वी उस्ताद आपल्या बंदिशी लपवून ठेवत. ही प्रथा आता राहिलेली नाही.’

परीक्षेच्या दोन दिवस आधी बस स्टॉपवर मी नकळत त्याच बंदिशीचा अंतरा, म्हणजे तिचा दुसरा भाग, गुणगुणत होते. मैत्रीण चमकली. “अगं, इथे खाली का येतेस? मला तर वर तार सा घेऊन मग उतरायला शिकवलंय.”

तिने हळूच गाऊन दाखवलं. फरक अगदी स्पष्ट होता. ही मला मुद्दाम चुकीचं सांगतेय, मी मनात म्हटलं. दोन दिवस उरलेत आणि ही मला हलवायला बघतेय.

“मला असंच शिकवलंय,” मी तुटकपणे म्हटलं.

तिने क्षणभर विचार केला. “मग तुझंच बिल्कुल बरोबर असणार यार. माझंच ऐकण्यात काहीतरी गडबड झाली असेल. तुझा कान पक्का आहे.”

माझा संशय दुप्पट झाला. इतक्या पटकन कोण माघार घेतं? मला गाफील ठेवून परीक्षेत ही आपलीच जागा मिरवणार असेल. घरी जाऊन मी माझा अंतरा शंभर वेळा घोटला, जसा शिकवला होता तसाच.

प्रॅक्टिकलला माझा नंबर आधी होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मान डोलावली, मॅडमही खूश दिसल्या. बाहेर आल्यावर मी दाराला कान लावून उभी राहिले. आता बाईसाहेब वर चढणार आणि वाहवा घेणार, अशी माझी खात्री होती. ती चढली नाही. अगदी माझ्यासारखीच खाली आली.

संध्याकाळी मॅडमनी मला एकटीला खोलीत बोलावलं. दार लावलं. “जिसे यह चीज़ सिखाती हूँ, उसके अंतरे में एक जगह बदल देती हूँ। कहीं और सुनाई दे तो पता चले, किसके यहाँ से निकली।” त्या माझ्याकडे रोखून बघत होत्या. “तेरी निशानी आज उसके गले में थी। और उसके अंतरे में तो मैंने कुछ बदला ही नहीं था। असली उसी को दी थी।”

म्हणजे निवड कधीच झाली होती. आणि ती मी नव्हते.

“तूने दी, या उसने ली?”

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, एवढंच. मी म्हटलं, “उसने ली, मॅडम। मैं रियाज़ करती थी, तब वह बाहर खड़ी होकर सुनती थी।”

मॅडमनी दाराची कडी काढली. मग म्हणाल्या, “सोमवार से घर आ जाना।”

मैत्रीण बस स्टॉपवर माझ्यासाठी थांबली होती. दोन बस तिने सोडल्या होत्या. मला बघताच तिने माझा हात धरला. “तुझ्यामुळे वाचले गं! माझाच अंतरा गायले असते, तर मॅडमनी मला दारात उभं केलं नसतं.”

मला लाज वाटायला हवी होती. ती पुढे वाटली, आजही वाटते. त्या क्षणी मात्र मी तिचा चेहरा निरखत होते. हिला सगळं कळलंय आणि ही माझी परीक्षा घेतेय, असं मला वाटत होतं.

तिला काहीच कळलं नव्हतं.