गाडीच्या घशातल्या चार चकत्या

आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या गेले, तेव्हा मला अबुधाबीत येऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांच्या बायकामुलांचा व्हिसा त्यांच्या नोकरीवर होता. नोकरीच राहिली नाही म्हटल्यावर महिन्याभरात त्यांना देश सोडावा लागला. बाईला धड रडायलाही सवड मिळाली नाही. शाळेचे दाखले, बँक, कार्गोवाला, सगळं तिलाच बघायचं होतं. मी तिची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यांत भरत होते. कुकरची शिट्टी सापडेना, तेव्हा मात्र ती स्वयंपाकघरात खाली बसली आणि तिनं हंबरडा फोडला. शिट्टी शेवटपर्यंत सापडली नाही.

त्या दिवसापासून मी धसका घेतला. माझ्याही व्हिसावर स्पॉन्सर म्हणून ह्यांचंच, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, नाव होतं. मुलीची शाळा, फ्लॅट, माझा इथला श्वाससुद्धा एका माणसाच्या जिवावर चालला होता. आणि नेमकी त्याच माणसाला चाळिशीत मोटरसायकल घ्यायची लहर आली.

ह्यांच्या ऑफिसातला एक गोरा आपली जुनी जपानी गाडी विकत होता. चार सिलिंडरची, म्हशीएवढी. पुण्यात जन्मभर स्कूटर चालवलेला हा माणूस तिच्याभोवती लहान पोरासारखा फिरत होता. मी नाही म्हटलं, तर मुलगी म्हणाली, "ममा, लेट हिम हॅव इट ना!" मी तिला खोलीत पिटाळलं.

तो गोरा एका शुक्रवारी आमच्याकडे जेवायला आला आणि पुरीभाजी खाता खाता बोलून गेला, की त्यांच्या देशात नव्या माणसाला सुरुवातीला बंधनाचं लायसन मिळतं. दोन वर्षं कमी ताकदीचीच गाडी चालवायची. मोठी असेल, तर कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये लहान भोकाच्या चकत्या बसवायच्या. मग इंजिनाचा घसा आवळल्यासारखा होतो आणि गाडीचा जोर निम्म्यावर येतो.

मी हातातली पुरी परातीत टाकली. "मग तुम्हीही बसवून घ्या की!"

"अगं, इथे तसा कायदा नाही."

"घरात आहे."

अशी गाडी आली. माझ्या अटी दोनच होत्या. दोन वर्षं चकत्या काढायच्या नाहीत. आणि आम्ही दोघांनी एका वेळी त्या गाडीवर बसायचं नाही; काही झालंच, तर पोरीसाठी एक जण तरी मागे उरला पाहिजे. ह्यांनी मान हलवली आणि पेपर उघडला. मला राग आला. वाटलं, ह्या माणसाला कशाचंच काही नाही.

चकत्या शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका गॅरेजात बसवल्या. हे गाडीवर गेले आणि मी शेअर टॅक्सीनं, डोळ्यांदेखत काम व्हावं म्हणून. तिथला उस्ताद सियालकोटचा, पिकल्या दाढीचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि ह्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. मग मला ताई म्हणावं तसं 'बाजी' म्हणत बोलला, "बाजी, यहाँ सब ताक़त बढ़ाने आते हैं. घटाने आप पहली आई हैं." मग त्यानं लेथवर चार चकत्या कातल्या. मी प्रत्येक चकती हातात घेऊन तिच्या भोकात बोट घालून पाहिलं. माझी करंगळीच तेवढी आत गेली. समाधान झालं.

पुढची दोन वर्षं दर शुक्रवारी पहाटे हे बाहेर पडायचे. ऑफिसातले तिघे-चौघे गाडीवाले अल ऐनच्या रस्त्यावर जायचे, तिथे चहा प्यायचे आणि उन्हं चढायच्या आत परत. बाकीचे आले की हे अर्ध्या तासानं यायचे. तो गोरा मला सांगायचा, "तुझा नवरा पोचतो तेव्हा आमचा चहा संपलेला असतो." सगळे हसायचे आणि हेही हसायचे. मी मात्र मनातल्या मनात त्या चार चकत्यांना हळदकुंकू वाहायची.

दोन वर्षं झाली. मी शब्दाला जागणारी बाई. "चला, काढून टाकू," म्हटलं. हे म्हणाले, "राहू दे गं, चाललंय की." पुढच्या आठवड्यात त्यांना काम निघालं, त्याच्या पुढच्या आठवड्यात पाठ धरली. मला वाटलं, आळस. शेवटी मुलीला शेजारी सोडून मी त्यांना अक्षरशः ढकलत शारजाला नेलं. पुन्हा तसेच, हे गाडीवर आणि मी टॅक्सीत.

मी रुबाबात सांगितलं, "उस्ताद, अब निकाल दो वो चकतियाँ."

उस्तादानं माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. "बाजी, वो तो साब ने उसी महीने निकलवा दी थीं."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली. दोन वर्षं! दोन वर्षं मी ज्यांच्या भरवशावर शुक्रवारी पहाटे पुन्हा झोपी जात होते, त्या चकत्या गाडीत नव्हत्याच. उस्ताद शहाणा, "चाय बोलता हूँ," म्हणून बाहेर सटकला. मी ह्यांना काय काय बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "चकत्यांनी प्लग काळे पडायचे. एकदा राउंडअबाउटमध्ये गाडी बंद पडली आणि मागून टँकर आला. थोडक्यात वाचलो. तुला सांगितलं असतं, तर तू गाडीच विकायला लावली असतीस."

"लावलीच असती! आणि मग अर्धा तास उशिरा यायचं नाटक कशाला?"

"नाटक नाही. तेवढ्याच वेगानं चालवतो मी."

"का?"

त्यांनी हातातलं हेल्मेट सीटवर ठेवलं. "वरच्या मजल्यावरची खोकी खाली कुणी उतरवली? मीच ना? तू भरत होतीस, मी उतरवत होतो. त्यांच्या धाकट्यानं लिफ्टमध्ये मला विचारलं, अंकल, पप्पा आम्हाला कसे शोधणार?"

हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं ही भीती मी एकटीनं बाळगली, अशी माझी समजूत होती. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांना घट्ट धरून ठेवावंसंही वाटत होतं. गॅरेजात दोन्हीची सोय नव्हती. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "चला. आज मी तुमच्या मागे बसून घरी येते."

"नको," हे म्हणाले. "पोरगी वाट बघत असेल. दोघांनी एकदम बसायचं नाही. तू टॅक्सीनं ये."

शेअर टॅक्सीत मला खिडकी मिळाली. जबल अलीच्या पुढे, उजव्या कडेच्या लेनमध्ये, ट्रकांच्या रांगेत मला ते दिसले. पाठ ताठ, दोन्ही कोपरं आत. ट्रकसुद्धा त्यांना मागे टाकत होते. आमच्या पठाण ड्रायव्हरनं हॉर्न दिला आणि तो शेजारच्याला म्हणाला, "कमबख़्त! इतना बड़ा मशीन, और चलाता है साइकिल के माफ़िक."

"चलाने दो, भाईसाब," मी म्हटलं, आणि मान वळवून ते दिसेनासे होईपर्यंत मागे बघत राहिले.