एकदाच विचारणाऱ्यांचं गाव

सडबरीत माझी पहिली फजिती झाली ती सुरुंगामुळे. मी नागपूरहून तिथल्या युनिव्हर्सिटीत गणित शिकवायला गेले, २००६च्या आसपास. टोरांटोच्या उत्तरेला, बसने पाच-सहा तासांवरचं गाव, निकेलच्या खाणींवर वाढलेलं. खाणींचे दिवस आता सरले, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. जमिनीखाली काम अजून चालू आहे, हे मात्र कुणीही सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी चहा गाळत होते, तर ओट्यावरच्या बशा खडखडल्या आणि पायाखालची जमीन हलली. भूकंप! गाळणं तिथेच टाकून मी चपलांवर बर्फात पळाले.

शेजारची म्हातारी आपल्या पायऱ्यांवरचा बर्फ शोव्हल करत होती. मला बघून ती इतकी हसली की फावड्याला टेकून उभी राहिली. "अगं, खाणीत सुरुंग उडवलाय," ती म्हणाली. "शिफ्ट संपली की उडवतात. माझ्या नवऱ्याचा जन्म त्यातच गेला." मग माझ्या चपलांकडे बघून म्हणाली, "आत ये, कॉफी घे."

मी काय म्हणणार? आपल्यातली कुठलीही बाई म्हणेल तेच म्हटलं. "नको, नको, तुम्हाला कशाला त्रास!"

"ओके," ती म्हणाली. आत गेली आणि दार लावून घेतलं.

मी तिथेच उभी. मला वाटलं, आता दार उघडेल, म्हणेल, "त्रास कसला त्यात, ये बरं मुकाट्याने." दार काही उघडलं नाही. पायांची बोटं बधिर झाली तेव्हा घरी आले. काय बाई आहे, बाप्पा! एकदा विचारलं आणि झालं? आमच्याकडे दारावर आलेल्या भांडेवालीलासुद्धा दोनदा बस म्हणतात.

राग आला होता खरा, पण रागापेक्षा जास्त रडू आलं. कारण मला ती कॉफी हवी होती. कॉफी जाऊ दे, कुणाच्या तरी घरात जाऊन बसायचं होतं. माझ्या घरामागे काळा कातळ होता. जुन्या भट्ट्यांच्या धुराने ते दगड काळे पडलेत, असं म्हणत. गावाने त्यांच्यामध्ये हौसेने झाडं लावली होती, ती कशीबशी माझ्या खांद्याला लागत. साडेचारलाच अंधार पडायचा. वर्ग सुटला की मुलं "हॅव अ गुड वीकेंड" म्हणून पांगायची आणि मग सोमवारपर्यंत माझ्याशी बोलायला कुणी नसे. टोरांटोत नॉर्थ यॉर्कला मराठी मंडळी पुष्कळ होती, पण हिवाळ्यात तिथवर कोण जाणार? घरात जरा मराठी ऐकू यावी म्हणून मी कुकरच्या शिट्ट्या मोठ्याने मोजायचे.

मराठीत बोलणं व्हायचं ते फक्त रविवारी सकाळी, आईशी. "काय करून राहिली? जेवली का नीट?" आणि शेवटी न चुकता, "सुट्टी लागली की येऊन जा नं." मी म्हणायचे, "नको आई, या वेळी नाही जमणार." की ती पुन्हा, "असं कसं नाही जमणार? ये नं." मी पुन्हा नको. ती पुन्हा ये. खरंच जमण्यासारखं नसायचं. पण ते "ये नं" ऐकलं की माझा आठवडा निघायचा.

एका शनिवारी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या फटीतून वेलचीचा वास आला. खरोखर वेलची! मी चक्क शेगडीपाशी उभी राहून रडले. थोड्या वेळाने दार वाजलं. म्हातारी उभी, हातात वेणीसारखा गुंफलेला, गरमागरम गोड पाव. तिचे आईवडील फिनलंडहून आलेले. त्यांच्याकडे त्या पावात वेलची घालतात. "तुझ्यासाठी आणलाय," ती म्हणाली.

आणि माझं तोंड! "अहो, कशाला उगाच? मी आत्ताच जेवले."

"ओके," म्हणून ती पाव घेऊन परत गेली. पाव घेऊन! तिच्या पाठमोऱ्या कोटाकडे बघत मी दारात तशीच उभी राहिले. मला तर वाटलं, ही बाई माझा छळ करायला जन्माला आली आहे.

डोक्यात प्रकाश पडला तो पोस्टमनमुळे. मी खिडकीतून बघत होते. म्हातारीने त्याला विचारलं, "कॉफी?" तो म्हणाला, "शुअर," पायरीवर बूट आपटून बर्फ झाडला आणि गेला आत. बस्स, एवढंच! ना नको-नको, ना आग्रह. इतकं सोपं असतं हे?

त्यानंतर कितीतरी दिवस तिने मला काही विचारलंच नाही. शेवटी मीच तिच्या पायऱ्यांवरचा बर्फ शोव्हल करायला गेले. ती दारात आली, जरा थांबली, मग म्हणाली, "कॉफी?" तिचा शब्द पुरा व्हायच्या आत मी "हो" म्हटलं. इतक्या जोरात की ती दचकलीच.

तिच्या टेबलापाशी मी तशाच वेलचीच्या पावाचे चार तुकडे खाल्ले. ती म्हणाली, "मला वाटलं, तुला मी आवडत नाही." मी तिला आमची रीत सांगितली, की पहिलं नको हे नको नसतंच, समोरच्याने पुन्हा विचारायचं असतं. तिने हातातला कप खाली ठेवला. "आणि त्याने पुन्हा नाही विचारलं तर?"

मी पाव खात राहिले.

रविवारी हा सगळा किस्सा मी आईला तिखटमीठ लावून सांगितला. पाव परत नेला तिथे तर ती हसून हसून बेजार झाली. "कमालच आहे," ती म्हणाली, "तिकडे नाही म्हणजे नाहीच का गं?" मी म्हटलं, "हो नं! इथे नाही म्हणजे नाहीच."

पुढच्या रविवारी बोलणं संपत आलं. आई म्हणाली, "सुट्टी लागली की येऊन जा नं."

"नको आई, या वेळी नाही जमणार."

"बरं," आई म्हणाली.

मी वाट बघत राहिले. पलीकडे आमच्या घरातला पंखा गरगरताना ऐकू येत होता.

"आई?"

"काय गं?"

"पुढे काही म्हटलं नाहीस."

"तूच सांगितलं नं," ती म्हणाली. "मला आधी समजलंच नव्हतं. इतके दिवस तू नाही म्हणून राहिली आणि मी आपली तुझ्या मागे लागून राहिली. आता नाही हो त्रास देणार."

म्हातारीच्या बंद दारासमोर उभी होते तेव्हाही इतकं एकटं वाटलं नव्हतं.

"आई, अजून एकदा म्हण नं."

"काय म्हणू?"

"ये म्हण."

मग आईचा आवाज आला, भरलेला. "ये नं, बाई."

सवयीने नको ओठांपर्यंत आलंच होतं. मी म्हटलं, "हो."