आमच्या वॉरंटबाई

मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही की तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई तिच्या दारात हजर! पाऊस असो, ताप असो, बाई चुकायच्या नाहीत. म्हणून आम्ही त्यांचं नाव ठेवलं होतं, वॉरंट. त्या राहायच्या उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये. तिथून अंबरनाथ पूर्वेला यायचं, दिवसभर शिकवायचं आणि वर आमच्या पालेगावातली घरं पालथी घालायची. गल्लीत त्यांची छत्री दिसली की पोरं ओरडायची, "वॉरंट निघालं रे!"

घरात खुर्ची दिली तरी बाई बसायच्या नाहीत. सरळ स्वयंपाकघरात आईजवळ फतकल मारायच्या आणि मेथी निवडायला घ्यायच्या. जुडी संपेपर्यंत आई सगळं सांगून मोकळी झालेली असायची. बाई म्हणायच्या, "कुणी मारलं ते आधी विचारू नये गं. कुठे दुखतंय ते विचारावं." माझ्या आईचा सुजलेला हात आमच्या घरात सगळ्यांना दिसत होता, विचारलं मात्र एकट्या बाईंनी.

इतक्या शहाण्या बाई, पण एक इलाज त्यांनीही डोळे झाकून उचलला होता. मुलाने मुलीला छेडलं की तिच्याकडून त्याला सगळ्यांदेखत राखी बांधून घ्यायची. सगळ्याच शाळांत चालायचं ते. "भाऊ झालास आता, नजर खाली," बाई दरडावायच्या, मुलगा लाजेने लाल व्हायचा आणि प्रकरण मिटायचं. निदान आम्हाला तसं वाटायचं.

नववीत माझ्या शेजारी बसणाऱ्या वनिताने दहावीतल्या एका मुलाची तक्रार केली. तो वळणावर उभा राहून तिचा हात धरायचा. बाईंनी राखी बांधायला लावली. पोर आगीतून फुफाट्यात पडली. आता तो उजळ माथ्याने तिच्या घरी येऊ लागला. "बहीण आहे माझी," म्हणायचा. आजी त्याला चहा द्यायची. वनिताने आईला खरं सांगितलं, तर आईने तिलाच थोबाडलं. "भाऊ आहे ना तो? तुझ्याच मनात पाप!"

वनिता शाळेत यायची थांबली. तिसऱ्या दिवशी बाई गेल्या, बरोबर मी होते. तिचा बाप दारातच आडवा उभा राहिला. "बाई, भाव तुम्हीच करून दिला ना? आता भावानंच हात लावला सांगते. लोकं थुकतील आमच्या तोंडावर. लगीन लावून टाकतो." बाईंनी हात जोडले. अक्षरशः पाया पडल्या त्याच्या. पोलिसांत अर्ज दिला. पोलीस आले तोवर वनिताला मामाच्या गावी नेऊन सगळं उरकलं होतं. पुढे कितीतरी महिने बाई तिचा पत्ता विचारत फिरल्या. कुणी दिला नाही.

राखी त्या दिवसापासून बंद. "कुणी त्रास दिला तर नातं लावू नका, नाव सांगा," असं त्या प्रत्येक वर्गाला सांगू लागल्या. नाव कळलं की मुलाच्या आईबापांना बोलावून घ्यायच्या, लेखी तक्रार करायच्या. शाळेचं नाव खराब होतं म्हणून हेडमास्तर वैतागले. बाईंनी त्यांना भीक घातली नाही. किती मुली वाचल्या असतील देव जाणे. पण मी भेटले की बाई वनिताबद्दलच बोलायच्या.

आता मी बदलापूरला शिकवते. गेल्या वर्षी बाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा भेटायला गेले. खाली दुकानांचा कालवा चालला होता. बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"राखी हातात दिली तेव्हा वनिता काय म्हणाली होती गं? खरं सांग."

मला खोटं बोलता आलं नाही. "'बाई, नको ना, मला त्याला हात लावायचा नाही,' असं म्हणाली होती."

"मला ऐकू आलं होतं," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, लाजते आहे."

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. कुठल्या तोंडाने समजूत घालणार होते? मला तर शेजारून ऐकू आलं होतं, आणि मी हसले होते.