टिटलिस, युंगफ्राउ आणि हिचे काका

मी हिच्या काकांना दोन डोंगरांतला एक निवडायला सांगितला. चूक माझीच. शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर मी इतकी वर्षं राहतो, दर रविवारी त्यांच्याकडे पोहे खातो, तेव्हा हा माणूस काय चीज आहे हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायला जागा नाही. या जगात जे जे म्हणून कोणी निवडलं नाही, त्या सगळ्याचे हिचे काका हे पालक आहेत. आपण हॉटेलात जातो, डोसा मागवतो, खातो, बिल देऊन घरी येतो. काका डोसा मागवतात आणि मग मेन्यूकार्डावरच्या उत्तप्प्याकडे, मुलीला पहिल्यांदा पाळणाघरात सोडून निघालेल्या बापासारखे बघत राहतात. वेटर कार्ड उचलायला आला की "पुढच्या वेळी नक्की" असं म्हणतात, आणि ते वेटरला उद्देशून नसतं.

डेव्हन ॲव्हेन्यूच्या देशी दुकानांत आंब्याच्या पेट्या आल्या की आम्ही सगळे मराठी लोक पेट्या उघडून, हुंगून, दुकानदाराचा अंत बघून चांगलं फळ उचलतो. काका त्या गर्दीतून एका कोपऱ्यात दबलेली, डाग पडलेली पेटी पोटाशी धरून बाहेर येतात. "यांना कोण नेणार हो?" एवढंच त्यांचं म्हणणं. एकदा मी शहाणपणा करून त्यांच्यासाठी चांगली पेटी निवडून ठेवली, तर घरी पोचेपर्यंत ती माझ्या नावावर झाली होती आणि डागाळलेली त्यांच्या मांडीवर होती. त्या डागाळलेल्या आंब्यांचा काकू असा काही रस काढतात की आम्ही आमचे देखणे आंबे घरी ठेवून त्यांच्याकडेच जेवायला जातो, ही गोष्ट वेगळी. घराचंही तेच. फार पूर्वी त्यांनी दोन घरं पाहिली, त्यातलं एक घेतलं. न घेतलेलं घर तीन गल्ल्या पलीकडे आहे. काका आजही वाट वाकडी करून त्याच्यावरून गाडी नेतात, पन्हळी साफ आहेत का बघतात, आणि दिवाळीला तिथल्या पोलिश आजीबाईंना करंज्या देऊन येतात. त्या बाईंची अशी ठाम समजूत आहे की न घेतलेल्या घराला फराळ पाठवायची भारतात पद्धतच असते. मध्यंतरी त्या बाईंनीही नाताळात आणखी कुठल्यातरी घरी केक नेऊन दिल्याचं ऐकलं.

लग्न ठरवताना त्यांनी दोन मुली पाहिल्या होत्या. त्यातल्या एकीला होकार दिला, त्या आमच्या काकू. दुसरी नागपूरला असते. काका दर वर्षी तिची खुशाली विचारायला लावतात, आणि विचारायचं काम अर्थातच काकूंकडे असतं. आता त्या दोघी इतक्या घट्ट मैत्रिणी झाल्या आहेत की फोनवर तासन्‌तास बोलतात. काय बोलतात असं मी एकदा विचारलं, तेव्हा काकू म्हणाल्या, "मी तिला सांगते की तू सुटलीस."

सकाळी उठल्यावर काका फोनवर आधी साताऱ्याचं हवामान बघतात. तिथल्या कॉलेजात त्यांना नोकरी लागली होती, आणि त्याच सुमाराला इकडे ॲडमिशनही मिळाली. ते इकडे आले. पण साताऱ्याला आज कडक ऊन होतं असं कळलं की टोपी घातल्याशिवाय ते घराबाहेर पडत नाहीत. मार्चमधला शिकागोचा गारठा, अंगात जाड जॅकेट, डोक्यावर उन्हाची पांढरी टोपी, आणि काका ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसताहेत, हे दृश्य आमच्या गल्लीच्या सवयीचं आहे. मी एकदा हसलो. "अहो, तिकडे असतो तर आज घालावीच लागली असती," ते म्हणाले. पुढे हसायला मला जमलं नाही.

अशा माणसाला मी डोंगर निवडायला सांगितला. आम्ही तिघं, म्हणजे मी, ही आणि आमची कॉलेजात जाणारी मुलगी, आणि काका-काकू, असे पाच जण युरोपला निघालो होतो. लुझर्नला एक दिवस मोकळा होता. एका दिवसात एकच डोंगर होतो: टिटलिस, जिथे तारेवरच्या पाळण्यात बसून वर जायचं, किंवा युंगफ्राउ, जिथे बोगद्यातून थेट रेल्वेनं. मी टेबलावर लॅपटॉप उघडला आणि म्हणालो, काका, तुम्ही सांगाल तो. ते फेब्रुवारीत होतं. एप्रिल संपला तरी काका रोज एका डोंगराची बाजू घेत होते आणि दुसऱ्याबद्दल हळहळत होते. नाणं उडवून पाहिलं. छापा आला, तर ते नाणं उलटून काट्याकडे बघत बसले. शेवटी काका या निष्कर्षाप्रत आले की लुझर्नमध्येच तळ्याकाठी बसावं, म्हणजे कोणालाच वाईट वाटणार नाही.

त्या रविवारी काकूंनी मला पोह्यांची बशी देताना स्वयंपाकघरातच थांबवून घेतलं. असंच एकदा लाँग वीकेंडला विस्कॉन्सिनमधलं तळं की जंगल हे ठरेना, म्हणून बरोबर घेतलेली पुरीभाजी आपण गॅरेजमध्ये गाडीत बसून खाल्ली होती, याची त्यांनी आठवण करून दिली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "जावईबापू, मला डोंगरावर न्या. कुठल्याही. पुढच्या वर्षी हे गुडघे माझं ऐकतील असं वाटत नाही."

मी कारस्थान रचलं. मला माझ्या हुशारीचा त्या दिवशी फार अभिमान वाटला होता, हे आधीच सांगून टाकतो. मी काकांच्या शेजारी जाऊन बसलो आणि सहज बोलल्यासारखं म्हणालो की युंगफ्राउचं काय, तिला सगळं जग डोक्यावर घेतं. टिटलिसला मात्र कोणी विचारत नाही. बिचारा उभा असतो एकटा.

काकांनी चष्मा काढून पुसला. "बुक करा," ते म्हणाले.

पुढचा महिनाभर काका टिटलिसचे प्रचारक होते. मराठी मंडळाच्या पॉटलक जेवणात पुण्याच्या आयटीवाल्या पोरांना ते बाजूला घेऊन सांगायचे की आयुष्यात एकदा तरी तिकडे जा, त्याला बरं वाटेल. पोरं मान हलवायची आणि मग मला येऊन विचारायची की काकांच्या नात्यातलं कोणी स्वित्झर्लंडला एकटं राहतं का.

आणि आम्ही टिटलिसला पोचलो. पाळण्याच्या रांगेत आमच्या पुढे निम्मा गुजरात आणि मागे सगळं कोथरूड होतं. वर चहा होता, वडापाव होता, बर्फात लोळून फोटो काढणारी नवी जोडपी होती, आणि "अहो, मफलर घ्या" असं दर दोन पावलांवर कोणीतरी कोणालातरी सांगत होतं. काकांनी ती गर्दी पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी हातमोज्यांत बोटं नीट बसवण्याचं काम काढलं.

काकू मात्र काठी टेकत थेट बर्फात गेल्या. वाकल्या, मूठभर बर्फ उचलला, तो मुठीत दाबला आणि कितीतरी वेळ समोरच्या डोंगररांगांकडे बघत उभ्या राहिल्या. "हा उपसावा लागत नाही," त्या म्हणाल्या. "किती बरं वाटतं." मी त्यांचा तेव्हाचा चेहरा पाहिला आणि माझं कारस्थान मी मनातल्या मनात माफ करून टाकलं.

काका कठड्याशी उभे होते. सगळे टिटलिसवर फोटो काढत होते आणि ते टिटलिसकडे पाठ करून दूर बघत होते. मी जवळ गेलो तेव्हा हळूच म्हणाले, "ती कुठली हो? युंगफ्राउ. इथवर येऊन तिला न भेटता गेलो तर बरं दिसत नाही." मला ठाऊक नव्हतं. पण जावयाला ठाऊक नसणं शोभत नाही, म्हणून क्षितिजावरच्या सर्वांत रुबाबदार सुळक्याकडे मी खात्रीनं बोट दाखवलं. काकांनी टोपी काढली. हात जोडले. ओठ हलत होते, काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. वारा जोराचा होता, पांढरे केस उडत होते, आणि ते इतका वेळ तसेच उभे राहिले की मला वाटलं, ते त्या एका शिखराशी बोलत नसावेत. काकू येऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. त्यांनी काकांचा कोपर धरला. मी फोटो काढायला फोन वर केला आणि मला धूसर दिसायला लागलं. थंडीनं होतं तसं.

तेवढ्यात आमची मुलगी आली. तिच्या फोनमध्ये डोंगराकडे कॅमेरा धरला की नाव सांगणारं काहीतरी असतं. तिनं तो धरला, भुवया उंचावल्या आणि म्हणाली, "बाबा, दॅट्स नॉट इट. युंगफ्राउ त्या ढगात आहे. आय डोन्ट ईव्हन नो हाऊ टू से धिस वन."

काकांनी त्या भलत्याच डोंगराकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग टोपी घातली.

"असू दे," ते म्हणाले. "याला तरी मुद्दाम भेटायला कोण येतं."

आम्ही परत निघालो. पाळण्याकडे जायच्या वाटेवर मी सवयीनं पुढे झालो, तशी मागून काकूंनी हाक मारली. "जावईबापू, रस्ता पोरीला दाखवू दे. तुम्ही नुसती पिशवी धरा."