पुढली गल्ली

मशीनच्या तेलाचा वास आला की सुरतेच्या उधन्यातली ती दुपार आठवते. नेपाळातल्या पुरात आमच्या लूम-कारखान्याच्या गुरख्याचं गाव वाहून गेलं होतं. तिथं पुन्हा घरं उभी राहावीत म्हणून कामगार चादर धरून गल्लोगल्ली मदत मागत होते. चादरीचं एक टोक माझ्या आईच्या हातात होतं. "आज पुरासाठी जमलात, उद्या संपासाठी जमाल!" असं ओरडत मुकादमानं गुरख्याच्या तोंडावर सळई हाणली. रक्त चादरीतल्या नोटांवर उडालं. त्यानं पुन्हा हात उगारला, तोच आईनं त्याच्या मनगटाचा असा कडकडून चावा घेतला की सळई टाकून तो किंचाळत पळाला. रक्ताळलेले ओठ पदरानं पुसत आई गुरख्याला आपल्या अहिराणीत म्हणाली, "ऊठ भाऊ, पुढली गल्ली बाकी शे." तो उठला. आज मी तिच्या तेव्हाच्या वयाची आहे. तशी धावून जाईन का, सांगता येत नाही.