साक्ष द्यायला आलेली मंडळी

आम्हा ख्रिस्ती माणसांची मराठी बाकीच्यांच्या मराठीहून जराशी वेगळी. धर्मगुरूला आम्ही पाळक म्हणतो, त्यांच्या बायकोला पाळकीणबाई, आणि देवळात येणाऱ्या सगळ्यांना मिळून मंडळी. देवानं आपल्या आयुष्यात काय काय केलं ते चार माणसांत उभं राहून सांगायचं, याला म्हणतो साक्ष देणं. सांगलीच्या आमच्या मंडळीत साक्ष द्यायला सगळेच पुढे असत, पण पाळकसाहेबांची साक्ष सुरू झाली की आया पोरांना बाहेर नेऊन, खायला घालून परत आणीत. ती त्यांच्या आजोबांपासून सुरू होई. आजोबा वाईचे. हरवलेला बैल शोधत पायी साताऱ्याला निघालेले आणि वाटेत भेटेल त्याच्याशी भांडणारे. ते साताऱ्याला पोचून त्यांच्या कानावर येशूचं शुभवर्तमान पडेपर्यंत आमच्या पायांना मुंग्या आलेल्या असत. माणूस मात्र सोन्यासारखा. खोटं बोलणं त्यांना जमतच नसे. ‘अवेळी तर नाही ना आलो?’ असं कुणी पाहुण्यानं विचारलं तर ‘आलात खरं’ म्हणत.

बेचाळीसची चळवळ होऊन दोनेक वर्षं होत आली असतील. त्या वैशाखात कोकणातून घाट चढून एक वादळ आलं आणि शिराळ्याच्या पलीकडच्या डोंगरातल्या गावांची छपरं घेऊन गेलं. मिरगाच्या आत घरं शाकारली नाहीत तर पावसात माणसं उघड्यावर पडणार होती. रविवारी पाळकसाहेबांनी नुसतं विचारलं, ‘कोण येतं?’ आणि मी हात वर केला. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी बसून आईची बोलणी खात होते. खरं सांगायचं तर मला गरिबांचा जेवढा कळवळा होता, तेवढाच त्या बोलण्यांचा कंटाळाही आला होता.

आम्ही आठ-दहा जण निघालो. लढाईमुळं पेट्रोल नव्हतं, म्हणून मोटार कोळशाच्या धुरावर चालायची. चढ आला की तिचा दम उखडायचा, मग सगळ्यांनी उतरून ढकलायची. शिराळ्याला पोचलो तेव्हा आम्ही मोटारीतून आलो की मोटार आमच्या जोरावर आली, हे सांगणं अवघड होतं. पुढं बैलगाडी. गाडीत सुंभाची भेंडोळी, बाजरीची पोती, जुनी धोतरं आणि पाळकीणबाईंची औषधांची पेटी. पाळकीणबाई लग्नाआधी दवाखान्यात नर्स होत्या आणि ती पेटी त्या कुणाला उचलूसुद्धा देत नसत.

गावात पोचलो तर पारावर बरीच माणसं जमली होती. कुणी पाणी आणलं, कुणी गूळ. पाळकसाहेब पारावर चढले आणि हसतमुखानं म्हणाले, ‘बंधूंनो, आम्ही तुमची घरं शाकारून देणार आहोत. दिवसभर काम करू आणि संध्याकाळी साक्ष देऊ.’

एवढं बोलून ते पाणी प्यायले. तांब्या खाली ठेवेपर्यंत पार रिकामा झाला होता.

दारं लागली. गूळ घेऊन आलेली बाई गूळ घेऊन परत गेली. आम्ही एकमेकांकडं पाहत राहिलो. एक म्हातारा तेवढा गुडघ्यांमुळं चटकन उठू शकला नव्हता. त्यानं विचारलं, ‘सायेब, कुनाच्या इरुद्ध साक्ष देनार हायसा?’

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या दिवसांत तारा तोडणारी, चावड्या जाळणारी पोरं डोंगरात दडून बसली होती आणि फौजदार गावोगाव साक्षीदार शोधत फिरत होता. गोऱ्या साहेबांच्या धर्माची माणसं गाडी भरून येतात आणि साक्ष देणार म्हणतात, म्हटल्यावर गावानं दुसरं काय समजायचं? पाळकसाहेबांनी म्हाताऱ्याला समजावलं, ‘छे, छे, आम्ही फक्त सत्याची साक्ष देतो.’ म्हातारा गुडघे विसरून उठला आणि निघून गेला.

मला हसू आवरेना. पाळकीणबाईंना मात्र आवरलं. ‘आता तुम्ही तोंड मिटा आणि हात चालवा,’ असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं, पदर खोचला आणि पहिल्या घरासमोर उसाचा पाला पसरायला सुरुवात केली. दुपारपर्यंत एका छपराचं आढं बसलं, वासे बांधून झाले. मग एक दार उघडलं, मग दुसरं. संध्याकाळी गूळ परत आला. कामासारखी ओळख दुसरी नाही.

घरं होत गेली. गावातले गडी वर, आम्ही खाली पाल्याच्या पेंढ्या बांधणारे. पाळकसाहेबांनी तर साक्षीचं नावच टाकलं होतं आणि त्यामुळं ते जरा कोमेजल्यासारखे दिसत. एक घर तेवढं कुणाला हात लावू देईना. गावाच्या टोकाला एक विधवा बाई राहायची. तिचं निम्मं छप्पर उडालेलं, निम्मं लोंबत होतं. मुलगा मुंबईला गिरणीत गेलाय म्हणे. मी गेले की म्हणायची, ‘माजं घर हाय तसं ऱ्हाऊ द्या, बाई. दुसऱ्यांचं बगा.’

मला तिचा रागच आला. मदत घ्यायलाही एवढा ताठा? पाळकीणबाई म्हणाल्या, ‘ताठा नाही, लाजते ती. तू हलकी आहेस, वर चढून वासे बघून ये.’ मी शिडी लावली. बाई धावत आली, पण मी तोवर अर्ध्यावर होते.

लोंबत्या छपराखाली माळा होता आणि माळ्यावर कडब्याच्या पेंढ्या. पेंढ्यांच्या मागं एक तरुण माणूस निजला होता. तापानं ओठ सुकलेले, पोटरीला मळकी चिंधी गुंडाळलेली, तिच्याभोवती माश्या. त्यानं डोळे उघडले आणि माझ्याकडं पाहिलं. मी इतकी घाबरले की शिडीच सुटली असती. खाली पाहिलं तर शिडी त्याच्या आईनं दोन्ही हातांनी धरली होती. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. माझ्या तोंडून कुठला शब्द निघतो याकडं तिचा सगळा जीव लागला होता.

‘काय दिसलं, बाई?’ तिनं विचारलं.

‘कडबा,’ मी म्हटलं. ‘लय कडबा हाय. अन् दोन वासं मोडल्यात.’

सांगलीच्या शिक्षिकेच्या तोंडी तिचीच बोली ऐकून ती तेवढ्यातही हसली.

मी फक्त पाळकीणबाईंना सांगितलं. त्यांनी पेटी उचलली आणि त्या बाईला औषध द्यायच्या निमित्तानं त्या घरात शिरल्या. जखम धुतली, पू काढला. बाहेर आल्यावर म्हणाल्या, ‘ह्यांना कळू द्यायचं नाही. कुणी विचारलं तर हे खरं सांगून मोकळे होतील.’ मग आम्ही दोघी बायकांनीच ते छप्पर शाकारायला घेतलं. पाळकसाहेब खालून पेंढ्या फेकत. एकदा म्हणाले, ‘मी वर येऊ का?’ पाळकीणबाई म्हणाल्या, ‘तुमच्या वजनानं घर बसेल.’ ते निमूट पेंढ्या फेकू लागले.

छप्पर जवळजवळ होत आलं होतं, आणि फौजदार आला. बरोबर शिपाई. त्याला काहीतरी कुणकुण लागलेली. गावातली दारं पुन्हा लागली. ती बाई उंबऱ्यात बसून जोंधळे निवडत होती. तिची बोटं सुपात नुसतीच फिरत होती. मी छपरावर होते, माझ्या पायांखाली हातभर अंतरावर तिचा मुलगा.

फौजदार उगाच आरडाओरडा करणारा नव्हता. गोऱ्या साहेबांच्या धर्माचा माणूस म्हणून पाळकसाहेबांशी तर फारच अदबीनं बोलला. ‘आपण घराघराला हात लावलात. आपण देवाची माणसं, खोटं बोलणार नाही. कुणाच्या घरात कुणी दडलंय का, याची आपण साक्ष द्या म्हणजे झालं.’

मी डोळे मिटले.

‘साक्ष?’ पाळकसाहेब म्हणाले. ‘देतो की. आनंदानं देतो. बसा.’

त्यांनी फौजदाराला दाराशेजारच्या ओट्यावर बसवलं, त्याचा हात हातात घेतला आणि सुरुवात केली, ‘माझे आजोबा वाईचे.’

फौजदार चुळबुळला. ‘आजोबांचं राहू द्या.’ ‘राहू कसं देऊ? तिथूनच सगळं सुरू होतं,’ पाळकसाहेब म्हणाले. बैल हरवला. आजोबा निघाले. पहिल्या ओढ्यावर एका परटाशी भांडण, पुढं एका कासाराशी. दिवसांमागून दिवस दाबून ठेवलेली साक्ष होती ती, धरण फुटल्यासारखी आली. शिपाई भिंतीला टेकून पेंगू लागले. आजूबाजूची दारं किलकिली झाली आणि माणसं ऐकायला जवळ सरकली. सावल्या लांबल्या तरी आजोबा साताऱ्याच्या अलीकडेच होते.

शेवटी फौजदारानं हात सोडवून घेतला. ‘साहेब, मला शिराळा गाठायचाय.’

‘असं अर्ध्यात?’ पाळकसाहेब कळवळून म्हणाले. ‘अजून माझा जन्म व्हायचाय.’

फौजदार जवळजवळ पळालाच. गाडीवाटेच्या वळणापलीकडं शिपाई दिसेनासे झाले आणि मग गाव हसायला लागलं ते थांबेचना. मी छपरावर बसून हसले आणि हसता हसता मला रडू फुटलं. पाळकसाहेबांना ठाऊक होतं की नव्हतं? मी खाली उतरून पाहिलं, तर ते बायकोला हळूच विचारत होते, ‘पोटरीची सूज उतरली का?’

दुसऱ्या दिवशी आम्ही निघायच्या बेतात होतो. त्या बाईनं पाळकसाहेबांना घरात बोलावलं, आम्हा दोघींनाही. दार लोटून घेतलं. मुलाला तिनं खांद्याचा आधार देऊन माळ्यावरून खाली उतरवलं. त्याचा ताप उतरला होता आणि इतक्या माणसांसमोर उभं राहायची त्याला लाज वाटत होती.

‘ममईला गेलाय म्हून सांगत आले समद्यास्नी,’ ती म्हणाली. ‘सांगून सांगून मलाबी वाटाय लागलं, की त्यो हितं न्हाईच. रातच्याला वर जाऊन हात लावून बगायची.’ तिनं पाळकसाहेबांकडं पाहिलं. ‘आवं, ह्यो माजा ल्योक. जित्ता हाय. ह्याला येक तुमी तरी साक्षीला ऱ्हावा.’

पाळकसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली. त्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. आम्हाला वाटलं, आता प्रार्थना तरी होईल.

‘राहीन, आई,’ एवढंच ते म्हणाले.